डोळे आले आणि गेले

गुलाबराव महाराजांचं कुठलंही चरित्र उघडा. पहिल्या काही पानांतच एक छोटा उल्लेख येतो. बाळ आठ-नऊ महिन्यांचं असताना त्याचे डोळे आले, चुकीचं औषध घातलं गेलं आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टी कायमची गेली. एवढंच. लगेच पुढे अलौकिक स्मरणशक्ती सुरू होते, पाठांतर सुरू होतं, ग्रंथांची यादी सुरू होते. चरित्र लिहिणाऱ्यांना पुढच्या चमत्कारांकडे जायची घाई असते, वाचणाऱ्यांनाही असते. आज मात्र आपण त्या उल्लेखापाशी जरा जास्त वेळ थांबणार आहोत.

मराठीची गंमत बघा. आपल्याकडे डोळे येतात आणि डोळे जातात. एकात चार-आठ दिवसांचा त्रास, दुसऱ्यात आयुष्यभराचा अंधार. ‘येणं’ आणि ‘जाणं’ यांच्यामध्ये किती अंतर असतं? गुलाबच्या बाबतीत फक्त एका औषधाचं होतं.

वऱ्हाडातली, म्हणजे अमरावती जिल्ह्यातली ही गोष्ट आहे. ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी या गावी, आजोळी, गुलाबचा जन्म झाला. वडील गोंदुजी मोहोड, आई अलोकाबाई. कुणब्याचं घर, शेतीवर पोट. मूळ गाव माधान, चांदूर बाजार तालुक्यातलं. वर्षाचं व्हायच्या आतच पोराचे डोळे गेले. चार वर्षांचा झाला तेव्हा आई गेली. मग आजीनं त्याला आजोळी नेऊन वाढवलं. म्हणजे आईचा चेहरा त्यानं पाहिला असेल तो पहिल्या आठ-नऊ महिन्यांत. त्या वयातलं कुणाच्या लक्षात राहतं?

आता कोणी म्हणेल, घरच्यांनी असं कसं केलं? घरच्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही. १८८१ साली डोळे कशानं येतात हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सोडा, बर्लिनच्या प्रोफेसरलाही नीट माहीत नव्हतं. रॉबर्ट कॉखनं इजिप्तमध्ये डोळे आलेल्या लोकांच्या पुवात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहिले ते १८८३ मध्ये. तोवर गुलाबचे डोळे जाऊन वर्ष उलटलं होतं. योगायोग असा की १८८१ मध्येच जर्मनीतल्या लाइपझिगचे डॉक्टर कार्ल क्रेडे यांनी एक साधा उपाय छापून जाहीर केला होता. बाळ जन्मलं की डोळे पुसायचे आणि सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा एकेक थेंब घालायचा. त्यांच्या प्रसूतिगृहात आधी शंभरातल्या साधारण दहा नवजात बाळांना डोळ्यांचा जंतुसंसर्ग व्हायचा, तो या थेंबानं एका टक्क्याच्याही खाली आला. तो उपाय जन्मताना आईकडून होणाऱ्या संसर्गावरचा होता, आठ-नऊ महिन्यांच्या बाळावरचा नव्हता, हे मान्य. पण डोळ्यात काय घालायचं, किती घालायचं आणि कधी, हे मोजून-मापून ठरवता येतं, हा विचार तिथं सुरू झाला होता. लोणी टाकळीत तो पोचायला अजून खूप वर्षं होती.

आणि आपल्याकडे तरी काय होतं? त्या साली हातकणंगल्यात एखाद्या बाळाचे डोळे आले असते तर वेगळं काही घडलं असतं असं वाटत नाही. कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली १८९१ मध्ये. विल्यम वॉनलेस नावाचा तरुण मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये या भागात आला, आधी सांगलीत दवाखाना चालवला आणि १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उघडलं. तेच आजचं वॉनलेस हॉस्पिटल. मग कुठे हातकणंगले स्टेशनवरून गाडीत बसून तासाभराच्या आत शिकलेल्या सर्जनपर्यंत पोचता येऊ लागलं. त्याआधी आजीबाईचा बटवा, वैदू, देवीला नवस आणि नशीब. आईचं दूध, मध, तुरटीचं पाणी, काजळ, कुठल्या तरी पाल्याचा रस. यातलं बरंचसं आजही घराघरात चालतं, त्याकडे नंतर येऊ.

तर आंधळा पोरगा. शाळा नाही. देशातली अंध मुलांची पहिली शाळा अमृतसरला १८८७ मध्ये सुरू झाली, ती वऱ्हाडापासून शेकडो मैल लांब. ब्रेल लिपी जगात होती, पण मराठीपर्यंत आली नव्हती. ज्याच्या नावाची ती लिपी आहे, त्या लुई ब्रेलची कथाही डोळ्याच्या जंतुसंसर्गापासूनच सुरू होते हे किती जणांना माहीत असतं? तीन वर्षांचा लुई वडिलांच्या कारखान्यात चामडं टोचायच्या आरीशी खेळत होता, ती एका डोळ्यात घुसली, जखम चिघळली आणि पुढे दुसराही डोळा गेला. तो काळ १८१२ चा. लुईला निदान पॅरिसमध्ये अंधांची शाळा मिळाली. गुलाबला मिळाली ती आजी, आणि वाचून दाखवणारी माणसं.

हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. बोटांना वाचता येईल असं काही नाही, रेकॉर्डिंग नाही, आपल्यासारखं ऑडिओबुक तर नाहीच. पुस्तक मिळवायचं, वाचता येणारा माणूस शोधायचा, त्याला समोर बसवायचं आणि ऐकायचं. एकदा ऐकलेलं या मुलाच्या डोक्यातून जात नसे, असं त्याला ओळखणारे सांगत. संस्कृत ग्रंथ, वेदान्त, संतवाङ्मय, व्याकरण, संगीत, आयुर्वेद, असं सगळं या वाटेनं आत गेलं. इंग्रजी येणारा कोणी भेटला की त्याच्याकडून इंग्रजी पुस्तकं समजून घ्यायची. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी हा माणूस डार्विन आणि हर्बर्ट स्पेन्सर यांच्या मतांचा विचार करत होता आणि पुढे त्यांच्यावर टीका करत होता. ती टीका आजच्या बायोलॉजीच्या विद्यार्थ्याला पटणार नाही, मलाही पटत नाही. उत्क्रांतीच्या बाजूनं पुरावा भक्कम आहे. पण माधानच्या एका अंध शेतकरीपुत्राला १९०० च्या आसपास डार्विनशी वाद घालावासा वाटतो, आणि त्यासाठी तो आधी डार्विन समजून घेतो, याची दखल घ्यायला पटण्या-न पटण्याची अट कशाला?

१८९६ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्न झालं. पत्नी मनकर्णिका. १९०१ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी आपल्याला दर्शन देऊन मंत्र दिला, अशी त्यांची श्रद्धा होती आणि तिथून ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या मानू लागले. कन्या, मुलगा नव्हे. कृष्ण हा पती, आपण त्याची पत्नी, या भावानं ते कुंकू लावत, मंगळसूत्र घालत. भक्तीच्या या वाटेला त्यांनी मधुराद्वैत असं नाव दिलं. त्या काळात एका पुरुषानं हे उघडपणे करायचं म्हणजे लोकांच्या नजरा आल्याच. त्या नजरा त्यांना दिसत नव्हत्या, बोलणं मात्र ऐकू येत असणार.

ग्रंथ किती लिहिले? एकशेतीसच्या वर. त्यात मराठी, संस्कृत, हिंदी सगळं आलं. ‘साधुबोध’, ‘संप्रदाय सुरतरु’ ही त्यातली जास्त माहीत असलेली नावं. हजारो ओव्या, अभंग, सूत्रं, पत्रं. ‘लिहिले’ म्हणायची पद्धत आहे, पण खरं तर सांगितले. ते सांगायचे आणि शिष्य उतरवून घ्यायचे. ‘नावंग’ नावाची स्वतःची एक भाषासुद्धा बनवली. प्रवासात पुस्तकांचा पेटारा बरोबर असायचा. ज्याला एक अक्षर दिसत नाही, तो माणूस पुस्तकं सोडून कुठे जायला तयार नाही.

लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटलं. बुद्धी हेच ज्याचे डोळे, तो. फार सुंदर शब्द आहे. पण या शब्दामागे एक चकवा लपलेला असतो. हळूहळू आपल्याला वाटायला लागतं की डोळे गेले ते बरंच झालं, म्हणून आतला डोळा उघडला. कीर्तनात, व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये, गॅदरिंगच्या भाषणात हे सर्रास ऐकू येतं. पटतं का? ज्याला कानानं एवढं मिळालं त्याला डोळ्यांनी कमी मिळालं असतं, याला काय आधार? त्यांनी जे केलं ते त्यांच्या बुद्धीनं, हट्टानं आणि वाचून दाखवणाऱ्या माणसांच्या जोरावर केलं. चुकीच्या औषधानं फक्त डोळे घेतले, बाकी काही दिलं नाही. आणि त्याच काळात त्याच कारणानं दृष्टी गेलेली इतर बाळं? त्यांची चरित्रं कोणी लिहिली नाहीत.

आता आळंदीला या. गुलाबराव महाराज ज्यांना पिता मानत, त्या ज्ञानेश्वरांच्या समाधीचं गाव. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ पसरली, तिची पहिली मोठी बातमी आळंदीतूनच आली. शाळकरी पोरं लालभडक डोळे घेऊन रांगेत. पुढच्या काही आठवड्यांत ती साथ आपल्याकडेही होतीच. कॉलेजच्या वर्गात निम्मे जण गॉगल घालून, एसटीत गॉगल, हातकणंगले स्टेशनवर सकाळच्या कोल्हापूर गाडीची वाट बघणाऱ्यांत गॉगल. गॉगलनं साथ थांबत नाही, हे आधी सांगून टाकू. डोळे आलेल्याकडे बघितल्यानं डोळे येत नाहीत. येतात ते हातानं. त्यानं डोळा चोळला, तोच हात गाडीच्या दांड्याला लावला, तुम्ही तो दांडा धरला आणि मग तुमचा डोळा चोळला. रूमाल, टॉवेल, उशी, मोबाइल, मैत्रिणीचं काजळ, सगळे त्याच वाटेचे प्रवासी. गॉगलचा फायदा इतकाच की उजेड कमी टोचतो आणि हात सारखा डोळ्याकडे जात नाही.

पावसाळी साथीत डोळे येतात ते बहुतेक वेळा व्हायरसनं. डोळा लाल, पाणी गळतं, वाळू गेल्यासारखं खुपतं, आज एक डोळा, दोन दिवसांनी दुसरा. हे आठवड्या-दोन आठवड्यांत आपलं आपण बरं होतं. अँटिबायोटिकचा थेंब व्हायरसचं काही वाकडं करू शकत नाही. घट्ट पिवळट चिपडं येऊन सकाळी पापण्या चिकटत असतील तर बॅक्टेरिया असू शकतो, तिथे डॉक्टर अँटिबायोटिक देतात. नुसती खाज, दरवर्षी त्याच मोसमात, तर ॲलर्जी. तिन्हींत डोळा लालच दिसतो आणि घोटाळा इथेच होतो.

कारण आपण काय करतो? मेडिकलमध्ये जातो, डोळे आलेत म्हणतो आणि एक ड्रॉप मागतो. किंवा तेवढंही नाही. होस्टेलमध्ये गेल्या वर्षीची कुणाची तरी बाटली असतेच, ती फिरते. उघडलेली बाटली साधारण महिनाभरात फेकून द्यायची असते हे बाटलीवरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि लाल झालेल्या डोळ्यांना बारीक अक्षरं वाचवत नाहीत. त्या ड्रॉपमध्ये स्टिरॉइड असेल तर दुसऱ्या दिवशी डोळा एकदम पांढराशुभ्र. मस्त वाटतं. पण स्टिरॉइड लाली घालवतं, जंतू नाही. उलट डोळ्याची स्वतःची लढण्याची ताकद ते कमी करतं. संसर्ग बुरशीचा किंवा नागिणीच्या जातीच्या व्हायरसचा असेल तर त्याला मोकळं रान मिळतं. महिनोन्‌महिने असे थेंब घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, तरुण वयात मोतीबिंदू होतो. म्हणून बाटली हातात आली की कंपनीच्या नावाखालचं छोटं नाव वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लोरोमेथोलोन यापैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. कधी ते एकटं असतं, कधी मॉक्सिफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकबरोबर एकाच बाटलीत. डॉक्टरांनी डोळा तपासून दिलं तर ते औषध आहे. चिठ्ठीशिवाय, अंदाजानं घातलं तर ते १८८१ आहे.

आपल्या तालुक्यात यापेक्षा मोठा धोका उसात आहे. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना सांगायला नको, पाल्याच्या कडा कशा कापतात ते. तोडणीच्या, पाला काढायच्या दिवसांत पातं डोळ्याला लागतं, बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, ओरखडा जातो. पात्यावरची, मातीतली बुरशी तिथे बसते. पहिले दोन-तीन दिवस फक्त खुपतं, म्हणून माणूस कामावर जात राहतो. मग दुखणं वाढतं, उजेड सहन होत नाही, नजर धूसर होते आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागतो. बुरशीवरची औषधं वेगळी असतात, नाटामायसिन त्यातलं नेहमीचं, आणि ती आठवडेच्या आठवडे घालावी लागतात. अशा डोळ्यात कुणी स्टिरॉइडचा थेंब घातला की काही दिवसांत कॉर्निया विरघळून भोक पडायची वेळ येते. वाचला तरी मागे पांढरा डाग राहतो. त्यालाच आपले म्हातारे लोक डोळ्यात फूल पडलं म्हणतात. तेव्हा पातं लागलं, कचरा गेला, वेल्डिंगची ठिणगी किंवा यंत्रमागावरचा तुकडा उडाला की त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर. इचलकरंजीचं इंदिरा गांधी रुग्णालय, कोल्हापूरचं सीपीआर, मिरजेचं सिव्हिल, हातकणंगल्याहून यातलं काहीच एका दिवसाच्या रजेपलीकडे नाही.

कॉलेजवाल्यांसाठी अजून एक. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल आणि डोळा लाल होऊन दुखायला लागला तर त्याला साथ समजू नका. लेन्स काढा, परत लावू नका आणि तपासून घ्या. लेन्स लावून झोपणं आणि लेन्सची डबी नळाच्या पाण्यानं धुणं, या दोन सवयींनी चांगले डोळे खराब होतात. नळाच्या पाण्यात अकॅन्थअमीबा नावाचा जीव असू शकतो, तो कॉर्नियात शिरला की महिनोन्‌महिने ठाण मांडतो.

साध्या डोळे येण्यात मात्र घाबरायचं काही नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून चिपडं पुसायची, तो कापूस टाकून द्यायचा, दुसऱ्या डोळ्याला नवा घ्यायचा. थंड पाण्याची घडी ठेवायची. टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा. साबणानं हात, दिवसातून कितीही वेळा. काही दिवस कॉलेज नाही, प्रेझेंटी गेली तर गेली. आणि आजीला प्रेमानं सांगायचं की मध नको, तुरटी नको, काजळ नको, वहिनीच्या बाळाच्या डोळ्यात आईचं दूधही नको. आजी रागावेल. रागावू दे. नजर धूसर झाली आणि पापण्या मिचकावूनही साफ होत नाही, डोळा नुसता खुपत नाही तर ठणकतो, उजेडात उघडता येत नाही, तर थांबायचं नाही. लहान बाळाचे डोळे आले तर यातल्या कशाचीही वाट न बघता डॉक्टरांकडे.

गुलाबराव महाराजांना एकूण आयुष्य लाभलं अवघं चौतीस वर्षांचं. शेवटची काही वर्षं तब्येतीनं साथ दिली नाही, तरी सांगणं आणि उतरवून घेणं चालूच होतं. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात ते गेले. त्यांचे शिष्य बाबाजी महाराज पंडित यांनी पुढे संप्रदायाची धुरा सांभाळली.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर १९३० मध्ये, इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात सेसिल पेन नावाच्या डॉक्टरनं फ्लेमिंगची बुरशी वाढवून तिचा कच्चा रस काढला आणि तो रोग्यांवर वापरून बघितला. पेनिसिलीननं रोगी बरा झाल्याची जगातली पहिली नोंद ही. त्यात कोळशाच्या खाणीचा एक व्यवस्थापक होता, दगडाची कपची उडून डोळा चिघळलेला. आणि होती डोळे आलेली तान्ही बाळं.